दगड नको, वीट नको, मनोरा नको आणि वर्षात पूर्ण करा: श्विदनित्साच्या लाकडी चर्चचं प्रकरण

नवीन काम हातात आलं की ड्रॉइंगच्या आधी अटी वाचायच्या, ही आम्हा स्ट्रक्चरवाल्यांची सवय. वेड्यावाकड्या अटी मी भरपूर बघितल्यात, पण ह्या कामाच्या अटी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा दोनदा वाचल्या. गावाच्या तटाच्या आत बांधायचं नाही, बाहेर बांधायचं, तेही तोफेच्या गोळ्याच्या टप्प्याइतकं लांब. दगड वापरायचा नाही, वीट वापरायची नाही, फक्त लाकूड, माती, वाळू आणि पेंढा. मनोरा नाही, घंटा नाही, लांबून बघणाऱ्याला हे चर्च आहे असं वाटताच कामा नये. वर्षाच्या आत काम पूर्ण झालं पाहिजे. आणि खर्च सगळा तुमचा तुम्ही करायचा, सरकारातून एक दमडी मिळणार नाही.

ह्या अटींवर 1656-57 मध्ये जे उभं राहिलं ते आजही उभं आहे. नैऋत्य पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर श्विदनित्सा नावाचं गाव आहे, तिथलं ल्यूथरन लोकांचं हे चर्च. लांबी 44 मीटर, रुंदी साडेतीस मीटर, आणि आत साडेसात हजार माणूस मावतं, त्यातले तीन हजार बसून. यावोर गावातलं त्याचं भावंड आणि हे, अशी दोन मिळून 2001 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. टिंबर फ्रेममध्ये म्हणजे लाकडी सांगाड्यात बांधलेल्या युरोपातल्या धार्मिक इमारतींमध्ये ह्या दोन सगळ्यात मोठ्या. मला ह्या प्रकरणात जे धरून ठेवतं ते म्हणजे ही इमारत टिकू नये म्हणून घातलेल्या अटी, आणि त्याच अटींतून निघालेलं, टिकणारं डिझाइन. ते कसं झालं हे नीट समजून घेण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी अटी कुठून आल्या ते बघू. 1618 ते 1648 अशी तीस वर्षं मध्य युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सत्तांचं युद्ध चाललं, गावंच्या गावं ओस पडली. श्विदनित्सा ज्यात येतं तो सायलेशिया प्रांत तेव्हा हाब्सबुर्ग सम्राटाच्या ताब्यात होता, सम्राट तिसरा फर्डिनांड पक्का कॅथलिक आणि प्रांतातली बहुसंख्य रयत मात्र मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाची, म्हणजे ल्यूथरन. 1648 मध्ये वेस्टफालियाचा तह झाला आणि त्यात तत्त्व असं होतं की जो राज्यकर्ता त्याचा धर्म प्रजेचा. सायलेशियातल्या काही संस्थानांचे राजे स्वतःच ल्यूथरन होते, तिथल्या लोकांचं निभावलं, व्रोत्स्वाफ शहरालाही सूट मिळाली, पण जी संस्थानं थेट सम्राटाच्या मालकीची होती तिथल्या ल्यूथरन लोकांना कोणी वाली उरला नाही. स्वीडन हा जिंकलेल्या बाजूचा मोठा प्रोटेस्टंट देश, त्यांनी तहाच्या बोलण्यात लावून धरलं म्हणून सम्राटाने तीन चर्चना परवानगी दिली. श्विदनित्सा, यावोर आणि ग्वोगुफ. गावं तीन, चर्च तीन, बस. शांततेच्या तहातून मिळालेली म्हणून त्यांना पीस चर्च म्हणजे शांतीची चर्च म्हणतात.

पुढे 1653 आणि 1654 ह्या दोन वर्षांत सम्राटाची माणसं गावोगाव फिरली आणि सहाशेवर चर्च ल्यूथरन लोकांकडून काढून घेऊन कॅथलिकांना दिली, पाद्र्यांना हाकलून लावलं. हे लक्षात ठेवलं की साडेसात हजारांचा आकडा कुठून आला ते कळतं. श्विदनित्सा काही एवढं मोठं गाव नव्हतं, पण आजूबाजूच्या कितीतरी खेड्यांतली चर्च बंद झालेली, मग पोराचा बाप्तिस्मा असो, लग्न असो की प्रार्थना, लोक मैलोन् मैल चालत इथेच येणार. म्हणजे एका गावाचं चर्च नाही, एका अख्ख्या मुलखाचं चर्च बांधायचं होतं, आणि ते मातीचं आणि लाकडाचं.

अटींमागे नुसता खडूसपणा होता असं मात्र समजू नका, त्याला लष्करी कारणंही होती आणि ती खरी होती. श्विदनित्सा हे तटबंदीचं गाव. 1642 मध्ये स्वीडिश सेनापती टोर्स्टेनसनने ते जिंकून घेतलं होतं आणि दोन वर्षांनी ते सम्राटाच्या फौजेने परत मिळवलं, ही आठवण ताजी होती. तटाबाहेर जवळच दगडी चर्च उभं राहिलं तर उद्या वेढा घालणारा शत्रू त्याच्या आडोशाला तोफा लावेल, मनोऱ्यावर चढून आतलं सगळं टिपेल. लाकडाचं असेल तर वेळ आली की स्वतःच पेटवून द्यायचं आणि मैदान मोकळं करायचं. तोफेच्या टप्प्याच्या अंतराचा अर्थही हाच. पण एका वर्षाची मुदत आणि घंटा नको ह्या अटींना कुठलंच लष्करी कारण नाही. त्या फक्त एवढ्यासाठी की हे लोक दमून जावेत, आणि बांधलंच तर चार-दोन पावसाळ्यांत, हिवाळ्यांत पडून जावं. दिलेली परवानगी कागदावर राहावी आणि प्रत्यक्षात काहीच राहू नये.

ही भीती खरी होती ह्याचा पुरावा तिसऱ्या गावात मिळतो, आणि माझ्या मते कुठल्याही प्रकरणात फसलेला नमुना आधी बघावा. ग्वोगुफचं चर्च तिन्हींत आधी झालं, 1651-52 मध्ये. अटी त्याच. 1654 च्या वादळात ते कोसळलं. म्हणजे फक्त दोन वर्षं. लोकांनी परत बांधलं, ते 1758 मध्ये गावाला लागलेल्या आगीत जळालं, त्यानंतर तिथे पक्क्या बांधकामाचं चर्च झालं आणि तेही दुसऱ्या महायुद्धात गेलं. आज ग्वोगुफला त्या चर्चमधलं काही उभं नाही. त्यामुळे लाकूड होतं म्हणून टिकलं किंवा देवाची कृपा म्हणून टिकलं असं म्हणून पुढे जाता येत नाही, कारण लाकूड तिथेही होतं आणि भक्तीही तिथे कमी नव्हती. यावोर आणि श्विदनित्सात काहीतरी वेगळं केलं गेलं.

ते वेगळं करणारा माणूस म्हणजे आल्ब्रेख्ट फोन झेबिश. व्रोत्स्वाफचा हा इंजिनिअर, आणि त्याचं मुख्य काम चर्च बांधणं हे नव्हतंच, तो किल्लेबंदीचा माणूस. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चर्चचा आर्किटेक्ट असता तर त्याने मनात दगडी चर्चचं चित्र धरून त्याची लाकडात नक्कल केली असती, उंच भिंती, मधे मोकळी जागा, वर जड छप्पर, आणि वाऱ्याने ते ढकललं असतं. किल्ल्याचा इंजिनिअर मात्र आधी विचारतो की ह्याच्यावर जोर कुठून येणार आणि तो जमिनीत कसा जाणार. त्याच्या जोडीला यावोरचा सुतार आंद्रेआस गांपर. यावोरचं चर्च ह्या दोघांनी 1654-55 मध्ये उभं केलं, साडेत्रेचाळीस मीटर लांब, चौदा मीटर रुंद, पावणेसोळा मीटर उंच, सरळ लांबट, आत साडेपाच हजार माणसं. ते अंगवळणी पडल्यावर श्विदनित्साला त्याहून धाडसी प्लॅन घेतला, क्रूसाच्या आकाराचा. 23 ऑगस्ट 1656 ला पायाभरणी आणि 24 जून 1657 ला पहिली प्रार्थना. दहा महिने. ज्या सम्राटाने वर्षाची मुदत घातली तो फर्डिनांड त्याच एप्रिलमध्ये वारला होता, त्याला हे पूर्ण झालेलं दिसलं नाही.

आता बांधकाम. टिंबर फ्रेम म्हणजे काय हे मराठी माणसाला फार समजावून सांगायला लागू नये, जुन्या वाड्याचा सांगाडा डोळ्यासमोर आणा, खाली तुळई, त्यावर खांब, वर परत तुळई, भिंतीने वजन घ्यायचं नाही, वजन सगळं लाकडाने घ्यायचं आणि भिंत नुसती मधली जागा भरायला. फरक एवढाच की आपल्याकडे सागवान, तिथे ओक, आणि त्यांच्याकडे चौकटीत तिरक्या लाकडांचा वापर फार. चौकोन हा वाऱ्याने लवंडतो, तिरकं लाकूड घातलं की त्याचे त्रिकोण होतात आणि त्रिकोण हलत नाही, एवढं साधं शास्त्र आहे. चौकटींच्या मधल्या जागेत काठ्या किंवा पट्ट्या बसवायच्या, त्यांना चिकणमातीत भिजवलेला पेंढा गुंडाळायचा, वरून मातीचा लेप आणि त्यावर चुना. कोकणातला कारवीचा कूड बघितला असेल तर हे त्याच घराण्यातलं आहे, शेणाच्या जागी चुना इतकंच.

सांधे मात्र जवळून बघण्यासारखे. एका लाकडाचं टोक तासून जीभ काढायची, दुसऱ्याला तेवढीच खाच पाडायची, बसवलं की आरपार भोक आणि त्यात लाकडी खुंटी ठोकायची. ओक हा ओला असतानाच तासतात कारण वाळला की हत्यार चालत नाही इतका कडक होतो, आणि ओल्या लाकडाचा सांधा वाळताना आकसून खुंटीला घट्ट आवळतो. एका वर्षाच्या अटीला ह्याचा किती फायदा झाला असेल बघा, लाकूड सुकवत वर्षानुवर्षं थांबायची गरज नाही. शिवाय अशा सांगाड्याचं काम साधारणपणे जमिनीवर होतं, अख्खी चौकट आडवी मांडून जुळवायची, प्रत्येक लाकडावर खूण करायची, सुटी करायची आणि जागेवर नेऊन उभी करायची. आजच्या भाषेत प्रीफॅब. दगडी चर्चला गवंड्यांच्या दोन-तीन पिढ्या लागायच्या त्या काळात, दगडावर बंदी घालून वर वर्षाची मुदत देणं म्हणजे नकळत लवकर होणाऱ्या पद्धतीकडेच ढकलणं झालं.

पण माझ्यासाठी खरा विषय आतले सज्जे आहेत.

साधा हिशोब करू. चर्चच्या जमिनीचं क्षेत्रफळ सुमारे 1,090 चौरस मीटर. साडेसात हजार माणसं नुसती खाली उभी केली तर एका चौरस मीटरमध्ये सात माणसं होतात, म्हणजे मुंबईच्या लोकलचा दरवाजा, आणि ते बाकं वगैरे काही न ठेवता. म्हणून वर मजल्यांवर सज्जे काढले, चारी बाजूंनी, एकावर एक. आता वजन बघा. माणशी साठ किलो धरलं तर साडेसात हजारांचे साडेचारशे टन होतात. त्यातला निम्मा भार सज्जांवर धरला तरी सव्वादोनशे टन, आणि तो एकाच वेळी येणारा, एकाच वेळी उभा राहणारा, एकाच वेळी बसणारा. लाकडी इमारतीत हे डोक्यावर घेणं म्हणजे खायचं काम नाही.

झेबिशची हुशारी इथे दिसते. मधल्या उंच दालनाचे खांब जमिनीपासून छपरापर्यंत सरळ जातात आणि उंच, सडपातळ खांबाचा शत्रू असतो त्याचं मधेच वाकणं. बांबूची लांब काठी वरून दाबून बघा, मोडायच्या आधी ती पोटात वाकते, आणि तीच काठी मधे दोन ठिकाणी कोणी धरली तर कितीतरी जास्त दाब घेते. सज्जांच्या तुळया हे धरायचं काम करतात. प्रत्येक सज्जा आतल्या खांबाला मधल्या उंचीवर पकडतो आणि बाहेरच्या भिंतीच्या चौकटीशी बांधून टाकतो. म्हणजे जे गर्दीसाठी केलं तेच इमारतीचे बाहू झालं. वाऱ्याचा जोर आला की बाहेरची भिंत एकटी उभी नसते, तिच्यामागे सज्जा, त्यामागे खांब, त्यामागे दुसऱ्या बाजूचा खांब आणि सज्जा अशी सगळी साखळी उभी असते. क्रूसाचा आकारही ह्याच कामाचा, लांबट पेटी बाजूने ढकलली जाते पण आडव्या भुजा असल्या की त्या दोन्ही बाजूंनी टेकू देतात. आणि मनोरा नको ही अट तर इंजिनिअरच्या पथ्यावरच पडली म्हणायची, कारण लाकडी छपरावर उंच मनोरा म्हणजे वाऱ्याला दिलेला लांब दांडा. मनोरा बंदी नसती तर लोकांनी तो नक्की मागितला असता.

हे मी जागेवर जाऊन बघितलं तेव्हा जास्त पटलं. व्रोत्स्वाफला कामानिमित्त राहत होतो, एका शनिवारी ट्रेनने गेलो. फाटकातून आत शिरलं की जुन्या कबरी, मोठाली झाडं, आणि त्यामागे पांढऱ्या भिंतींवर काळपट लाकडाच्या पट्ट्यापट्ट्यांचं ते अवाढव्य घर. खरंच चर्च वाटत नाही, एखादं फार मोठं कोठार वाटतं. भिंतीजवळ गेलो आणि लाकडाच्या एका उभ्या पट्टीवर हात ठेवला तर खुंटीचं टोक बोटाला लागलं, अंगठ्याएवढं गोल, लाकडाच्या अंगापासून किंचित वर आलेलं. कोणीतरी हातोड्याने ठोकलं आणि मग तसंच ठेवलं, ते साडेतीनशे वर्षांवर तसंच आहे. तिथून हात काढवेना.

आणि मग आत गेलो. आतल्यासाठी मनाची तयारी अजिबात नव्हती. बाहेर माती आणि चुना, आत सोनेरी, निळं, हिरवं, लाल, एक इंच जागा मोकळी नाही. छपरावर रंगवलेली चित्रं, सज्जांच्या कठड्यांवर बायबलमधली वचनं आणि चित्रं, श्रीमंतांच्या घराण्यांचे स्वतंत्र कोनाडे, कारागिरांच्या संघांनी आपापल्या पैशाने सजवलेल्या जागा. ल्यूथरन चर्च म्हटलं की साधंसुधं, पांढऱ्या भिंतींचं अशी आपली समजूत असते, इथे ती पार मोडते. बाहेरून काय दिसावं ह्यावर सम्राटाने बंधन घातलं होतं, आतून काय असावं ह्यावर फारसं नाही, मग लोकांनी सगळा जीव आत ओतला.

हे सगळं एकदम झालेलं नाही, जवळजवळ शंभर वर्षं चाललं, जसजसे पैसे येत गेले तसतसं. मोठा ऑर्गन 1666 ते 69 मध्ये क्रिस्टोफ क्लोजे ह्या कारागिराने केला. छतावरची चित्रं 1694 ते 96 मधली, झ्यूसेनबाख आणि कोलिच्की ह्या दोन चित्रकारांची, विषय बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, बाबिलोनचा पाडाव, शेवटचा निवाडा, स्वर्गातलं यरुशलेम. प्रवचनपीठ 1729 चं आणि वेदी 1752 ची, दोन्ही आउगुस्ट गॉटफ्रीड हॉफमन ह्या शिल्पकाराची. वेदीवर मोशे, अहरोन, पेत्र, पौल उभे आहेत आणि मधे येशूचा बाप्तिस्मा. प्रवचनपीठाला वाळूची घड्याळं लावलेली आहेत, पाद्री किती वेळ बोलतोय हे खाली बसलेल्यांना दिसावं म्हणून, आणि हे बघून मला ते सगळे चालत आलेले, परत चालत जायचं असलेले लोक आठवले.

यावोरला जमलं तर तेही बघावं, तिथे सज्जांच्या कठड्यांवर गेओर्ग फ्लेगेल ह्या चित्रकाराने 1671 ते 1681 अशी दहा वर्षं बसून बायबलमधले 143 प्रसंग रंगवलेत. ज्याला वाचता येत नाही त्याने नुसती मान फिरवत गेलं तरी आदामापासून सगळी गोष्ट कळते.

पैशाचं सांगायचं राहिलं. सरकारातून काही नाही म्हटल्यावर क्रिस्तियान चेप्को हा गृहस्थ प्रोटेस्टंट मुलखांत गावोगाव, दरबारोदरबारी मदत मागत फिरला. स्थानिक पातळीवर सगळ्यात मोठा हात क्शोंश किल्ल्याच्या होखबेर्ग घराण्याने दिला, लागणाऱ्या ओकच्या लाकडापैकी दोन तृतीयांश त्यांच्या जंगलातून आलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मटेरियलचा प्रश्न बराचसा एका घराण्याने सोडवला. त्याची जाण म्हणून ह्या घराण्याला चर्चमध्ये खास सज्जा मिळाला, 1698 चा, मुख्य दारावर, वेदीच्या बरोब्बर समोर, नाटकाच्या थिएटरातल्या बॉक्ससारखा. पण बाकीचं काम शेतकरी, विणकर, कसाई, चांभार ह्यांच्या पैशाने आणि कष्टाने झालं हे विसरू नये. आत प्रत्येक मोठ्या प्रसंगाची जागाही वेगळी ठरलेली, बाप्तिस्म्याचं दालन वेगळं, लग्नाचं वेगळं, मयताचं वेगळं. मुलखातल्या माणसाचं आयुष्य ज्या दारांतून जायचं ती सगळी दारं ह्या एका इमारतीला होती.

घंटेचं काय झालं? पन्नास वर्षं थांबावं लागलं. 1707 मध्ये स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स फौज घेऊन त्या भागात होता आणि त्याने हाब्सबुर्ग सम्राट पहिल्या जोसेफवर दबाव आणून आल्टरानश्टेटचा करार करून घेतला. त्यात शंभरावर चर्च ल्यूथरन लोकांना परत मिळाली, सहा नवीन चर्चना परवानगी मिळाली, आणि शांतीच्या चर्चना मनोरा, घंटा आणि शाळा बांधायची मुभा मिळाली. श्विदनित्साच्या लोकांनी 1708 मध्ये लगेच घंटाघर बांधलं, पण चर्चच्या डोक्यावर नाही, शेजारी वेगळं. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. घंटा वाजते तेव्हा मनोरा हलतो, तो हादरा लाकडी सांगाड्यात गेला असता तर पन्नास वर्षं नीट बसलेले सांधे सैल व्हायला लागले असते. तोपर्यंत तिथे बेन्यामिन श्मोल्क नावाचे पाद्री आले होते, जर्मन भाषेत शेकडो भक्तिगीतं लिहिणारे, 1702 पासून 1737 मध्ये वारेपर्यंत ते इथेच होते.

त्यानंतर युद्धं आली, आणि इथे अटी घालणाऱ्यांचा हिशोब पूर्ण उलटा पडला. 1741 च्या सुमाराला सायलेशिया प्रशिया ह्या जर्मन राज्याच्या फ्रेडरिक राजाने घेतला. मग सात वर्षांच्या युद्धात श्विदनित्साच्या किल्ल्यासाठी झुंबड उडाली, 1757, 1758, 1761 आणि 1762 अशा चार वेळा तो हातोहात बदलला, कधी ऑस्ट्रियाकडे म्हणजे हाब्सबुर्गांकडे, कधी प्रशियाकडे. गोळे गावावर पडत होते आणि चर्च तटाबाहेर उघड्यावर. तरी वाचलं. 1807 मध्ये नेपोलियनच्या फौजेने किल्ला घेतला आणि तटबंदी सुरुंग लावून उडवली. ज्या तटापासून लांब राहा म्हणून सांगितलं होतं तो दगडी तट गेला, आणि पेंढा-मातीचं चर्च राहिलं.

सगळ्यात अवघड काळ मात्र तोफांचा नव्हता. 1945 मध्ये दुसरं महायुद्ध संपलं, सीमा सरकल्या, सायलेशिया पोलंडमध्ये आला आणि तिथल्या जर्मन लोकांना घालवून देण्यात आलं, म्हणजे ज्यांनी तीनशे वर्षं हे चर्च सांभाळलं तो समाजच उठून गेला. त्यांच्या जागी आलेल्यांत पूर्वेकडून उठवलेले पोलिश लोक भरपूर, बहुतेक कॅथलिक. ह्याच युद्धात पूर्व पोलंडमधून देशोधडीला लागलेल्यांपैकी काही हजार लोक आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले होते, तो सगळा एकच उलथापालथीचा काळ. श्विदनित्सात पोलिश ल्यूथरन लोक उरले ते मूठभर, आणि त्यांच्या गळ्यात साडेसात हजार माणसांची इमारत. लाकडाला दरवर्षी बघावं लागतं, कौल सरकलं की पाणी तुळईच्या टोकात शिरतं, टोक कुजलं की सांधा सुटतो, सांधा सुटला की भार शेजारच्यावर जातो, आणि हे सगळं आत भिंतीत होतं, बाहेर चुना पांढराशुभ्र दिसत असतो. पैसा नाही, माणसं नाहीत, असा तो काळ गेला आणि 1989 नंतर पोलिश आणि जर्मन तज्ज्ञांनी मिळून दुरुस्ती हातात घेतली. एका देशातल्या लोकांनी बांधलं, दुसऱ्या देशातल्या लोकांनी सांभाळलं, आणि दोघांनी मिळून दुरुस्त केलं.

दुरुस्तीच्या बाबतीत मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे कारण आपल्याकडच्या लाकडी इमारतींबद्दल बोलताना लोक हे विसरतात. नाशवंत मटेरियल म्हणजे कमकुवत मटेरियल नाही. मातीचा पट्टा फुगला तर तेवढा खरवडून परत भरता येतो. खांबाचा पाय कुजला तर तेवढा कापून नवीन तुकडा खाचेत बसवता येतो, खुंटी काढून परत ठोकता येते, बाकी इमारतीला हात लावावा लागत नाही. काँक्रीटच्या आतली सळई गंजली की काय होतं हे मी रोज बघतो, तिथे असं तुकड्यातुकड्याने सुटत नाही. सम्राटाने टाकाऊ म्हणून जे मटेरियल दिलं ते दुरुस्त करता येणारं मटेरियल होतं. फक्त अट एक, दुरुस्त करणारी माणसं सतत लागतात, एका पिढीने हात वर केले की संपलं. आणि आगीची भीती कधीच जात नाही, ग्वोगुफचं दुसरं चर्च आगीतच गेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून मुद्दाम मुक्काम केला आणि प्रार्थनेला मागच्या बाकावर जाऊन बसलो. आत चांगलीच थंडी, लोक कोट घालूनच बसलेले. खाली पुढच्या काही ओळींत माणसं होती, बहुतेक वयस्कर, दोन लहान मुलं. वरचे सज्जे रिकामे. पाद्रीबाबा पोलिश भाषेत बोलत होते, मला शब्द कळत नव्हता. मग ऑर्गन सुरू झाला आणि खालचे सूर इतके खोल होते की ते कानाच्या आधी पायाला कळले, बाकाच्या लाकडातून, फळ्यांमधून. मी शेजारच्या खांबाला हात लावला. तोही बारीक थरथरत होता. गाणं संपलं, थरथर थांबली, आणि माझ्या पुढच्या बाकावरच्या आजींनी मागे वळून त्यांचं गाण्याचं पुस्तक पान उघडून माझ्या हातात दिलं.